सीरिज ३ लँड रोव्हरचं इंजिन बदलायचंय, आजच्या रस्त्यावर चालेल अशी करायचीय

सायली८८

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

बाबांची लँड रोव्हर आता माझ्याकडे आली आहे. सीरिज ३, १९७६ची, ८८ इंची (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर), २२८६ सीसीचं पेट्रोल इंजिन. चेसिस मी स्वतः खाली झोपून, हातोडीने ठोकून पाहिली आहे. मागचा क्रॉसमेंबर आणि पुढची पाट्यांची शिंगं ठणठणीत आहेत, एका आउटरिगरला तेवढं वेल्डिंग लागेल. इंजिन मात्र थकलंय. कॉम्प्रेशन, म्हणजे चारही सिलिंडरमधला दाब, मोजलं तर १२०, ११५, ७० आणि ११० पीएसआय निघालं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडून परत मोजलं तरी आकडा हलला नाही, म्हणजे रिंगांपेक्षा व्हॉल्व्हचा संशय जास्त.

गाडी मला नुसती झाकून ठेवायची नाही, चालवायची आहे. कच्च्या रस्त्यावर ती अजूनही सुरेख चालते. अडचण येते मोठ्या रस्त्यावर. ७५च्या पुढे गेलं की इंजिन इतकं ओरडतं की शेजारच्याशी बोलता येत नाही, आणि मागून येणारे ट्रक आरशात भरून येतात. चढावर तिसरा टाकला की सरळ ५०. मला फार वेग नको, ९०-९५ला शांतपणे चालावी एवढंच.

डोक्यात तीन पर्याय आहेत: आहे तेच इंजिन नीट बांधून घ्यायचं, २००टीडीआय डिझेल बसवायचं, किंवा आणखी नवं काहीतरी. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा. गिअरबॉक्सचं आणि इंजिनचं काम शिकायची तयारी आहे, वेल्डिंग मात्र दुसऱ्याकडून करून घेईन.

पाना_एकोणीस

ताई, चेसिस आधी तपासलीत हे फार बरं केलंत. बहुतेक जण आधी इंजिन आणून ठेवतात आणि मग खाली वाकतात.

इंजिनाकडे वळण्याआधी एक गणित करा. टायर कुठले आहेत? ७.५०-१६ धरले तर एका फेऱ्यात गाडी साधारण २.५ मीटर पुढे जाते. (स्वतः मोजा. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करायची, गाडी एक पूर्ण फेरा ढकलायची, टेप लावायची.) टॉप गिअर सरळ १:१, ट्रान्सफर केसचा (गिअरबॉक्समागची पेटी, तिच्यात रस्त्यासाठी हाय आणि अवघड वाटेसाठी लो) हाय सुमारे १.१५, डिफ (ॲक्सलमधला डिफरन्शियल) ४.७. गुणाकार ५.४. म्हणजे गाडी १००ला जाताना इंजिन जवळपास ३,६००वर फिरतंय. या इंजिनाची कमाल ताकद ७० एचपीच्या आसपास आणि ती मिळते ४,०००ला. म्हणजे १००ला ते जवळजवळ शेवटच्या श्वासावर असतं.

आता त्याच गिअरांवर टीडीआय बसवलं तर तेही १००ला ३,६००वरच फिरणार. ओढ वाढेल, चढ चढेल, पण आवाज पूर्वीपेक्षा जास्त होईल, कारण ते डिझेल आहे. तुमची तक्रार ओरडण्याची आहे, आणि तिचं अर्धं उत्तर गिअरांत आहे.

आप्पा

मी जुन्या मताचा माणूस आहे, तसंच लिहितो.

२२८६चं हे इंजिन १९५८ला सीरिज २ बरोबर आलं आणि सीरिज ३ संपेपर्यंत चाललं. लोखंडी ब्लॉक, लोखंडी हेड, घाई नसलेलं. तुमच्या १९७६च्या इंजिनात क्रँक तीन बेअरिंगवर आहे, १९८०पासून पाच बेअरिंगची आली. तीनवाली वाईट नाही, तिला फक्त सतत वरच्या आरपीएमवर पळवायचं नसतं. तिसऱ्या सिलिंडरचा आकडा तेल सोडूनही वर आला नाही, म्हणजे हेड उतरवल्यावर बहुतेक एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळालेला किंवा सीट खाली गेलेली दिसेल. पूर्वी पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्ह आणि सीटच्या मध्ये गादीसारखं काम करायचं. बिनशिशाच्या पेट्रोलवर, त्यातून सतत जास्त वेगाने पळवलं, तर नरम लोखंडी सीट झिजते आणि व्हॉल्व्ह आत आत जातो. उपाय जुनाच आहे: हेड उतरवा, कडक सीट बसवून घ्या, नवे व्हॉल्व्ह, नवे गाइड. सिलिंडर मोजा, लागलं तर रीबोअर करा. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावा. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या सगळ्या बदला, इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल त्यांना आतून सोलतं.

आणि ओव्हरड्राइव्ह लावा. त्या गाड्यांना फेअरीचा ओव्हरड्राइव्ह मिळायचा, ट्रान्सफर केसच्या पाठीला लागतो. इंजिनचे फेरे पाचव्या हिश्श्याहून थोडे जास्तच कमी होतात. पाना_एकोणीस यांच्या हिशोबाने १००ला ३,६००चे २,८०० होतील.

मूळ इंजिन ठेवूनच अजून जोर हवा असेल तर एक मधला रस्ता आहे. पुढे ९० आणि ११० मॉडेलला आलेलं २.५ लिटर पेट्रोल हे याच इंजिनाचं मोठं भावंड, २४९५ सीसी, ८३ एचपी. तुमच्याच जागेवर, तुमच्याच गिअरबॉक्सला बसतं. सापडलं तर विचार करा.

रानवाटा

२००टीडीआय मी स्वतः बसवलंय, तेही ८८ इंचीतच, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

ते का बसतं, हे आधी. हे इंजिन १९८९ला लँड रोव्हरच्याच डिस्कव्हरीत आलं आणि पुढच्या वर्षी डिफेंडरमध्ये. २४९५ सीसी, डायरेक्ट इंजेक्शन, टर्बो, इंटरकूलर (टर्बोतून येणारी हवा गार करणारा). हेड ॲल्युमिनियमचं, पण खालचा ब्लॉक मात्र २.२५च्याच घराण्यातला. त्यामुळे सीरिजच्या गिअरबॉक्सला ते ॲडॅप्टर प्लेटशिवाय जोडता येतं, फ्लायव्हील हाउसिंगवर थोडं काम करून. गिअरबॉक्स जागेवरून हलवायला लागत नाही, प्रोपेलर शाफ्ट (जॉइंट) कापायला लागत नाहीत. पुढे १९९४ला आलेलं ३००टीडीआय कागदावर तेवढ्याच ताकदीचं आहे, पण त्याच्या फाउंडेशनच्या (इंजिन ज्यांवर टेकतं त्या माउंटिंगच्या) जागा आणि बाहेरची मांडणी बदलली, म्हणून सीरिजमध्ये ते जास्त काम मागतं. स्वतः शिकत शिकत करणाऱ्याने २००च घ्यावं असं माझं ठाम मत आहे.

पण २००मध्येही दोन प्रकार आहेत आणि इथे लोक फसतात. डिस्कव्हरीच्या इंजिनाचा टर्बो खाली बसतो, तो सीरिजच्या चेसिसला आणि फाउंडेशनला नडतो. डिफेंडरच्या इंजिनाचा वर आहे. डिस्कव्हरीचं सहज मिळतं, ते १११ एचपी आणि २६५ न्यूटन मीटरचं. डिफेंडरचं १०७ आणि २५५. हा फरक गाडी चालवताना कळत नाही. टर्बोची जागा मात्र पहिल्याच दिवशी कळते. मी डिस्कव्हरीचं इंजिन घेतलं आणि डिफेंडरचा मॅनिफोल्ड, टर्बो शोधण्यात चार महिने घालवले. शक्य असेल तर पूर्ण इंजिन डिफेंडरचंच शोधा.

गाडीत घालण्याआधी, इंजिन स्टँडवर असतानाच टायमिंगचा पट्टा, त्याचा टेन्शनर, पुढचं-मागचं ऑइल सील, पाण्याचा पंप बदलून टाका. जुना मालक काहीही सांगो. तो पट्टा तुटला की व्हॉल्व्हट्रेनचं नुकसान ठरलेलं. क्रँकच्या टोकातला पायलट बुश तुमच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून बघा. क्लच प्लेटसुद्धा शाफ्टवर आधी सरकवून बघायची. इंजिन एकदा जागेवर लटकलं आणि शेवटचे दोन सेंटिमीटर आत जाईना, की मग माणसं बोल्ट आवळून खेचतात आणि प्लेटचा मधला भाग वाकवून ठेवतात.

इंधनाची लाइन. पेट्रोल टाकीला परतीची नळी नसते. डिझेल पंपाला आणि नॉझलला जादा झालेलं डिझेल टाकीत परत सोडायचं असतं, त्यामुळे टाकीला परतीचं तोंड करून घ्यावं लागतं. टाकी पूर्ण रिकामी करून, धुऊन, वाळवूनच ते काम करायला द्या. पेट्रोलच्या रिकाम्या टाकीत वाफ राहते आणि तिच्यावर वेल्डिंगची ज्योत धरणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. पंपाच्या आधी पाणी वेगळं करणारा फिल्टर हवाच.

वायरिंग सोपं आहे. पंपावर बंद करायचं सोलेनॉइड असतं. त्याला करंट मिळाला की इंजिन चालतं, काढला की थांबतं. कॉइलला जाणारी जुनी वायर तिथे वापरता येते, पण वाटेत रेझिस्टन्स वायर असेल तर पूर्ण १२ व्होल्ट पोचत नाहीत, मीटर लावून बघा. हीटर प्लगसाठी जाड वायर आणि रिले. बॅटरी मोठी लागेल. पेट्रोलचं कॉम्प्रेशन ८:१, याचं १९.५:१, जुनी बॅटरी थंडीत हात टेकते.

इंटरकूलर रेडिएटरच्या शेजारी बसतो, म्हणून पुढचा पॅनेल कापावा लागतो. मूळ पॅनेल कापू नका, दुसरा मिळवून त्यावर काम करा. काही जण जागा नाही म्हणून इंटरकूलरच गाळतात. मग आत जाणारी हवा तापलेली राहते, डिझेल कमी करून द्यावं लागतं, आणि एवढा खटाटोप ज्यासाठी केला ते हाती येत नाही.

सगळ्यात शेवटी गिअरबॉक्स. मूळ पेट्रोल १६३ न्यूटन मीटरच्या आसपास देतं, टीडीआय २५५-२६५. तोच गिअरबॉक्स, तेच मागचे हाफशाफ्ट (डिफपासून चाकापर्यंतचे दांडे). क्लच झटक्याने सोडायची सवय असेल तर दोन्ही टिकत नाहीत. लो रेंजमध्ये चाक अडकलेलं असताना ॲक्सिलरेटर मारायचा नाही. हळू सोडलं तर वर्षानुवर्षं चालतं, माझं चाललंय.

कातळ

रोव्हरचं व्ही८ का नाही? ३५२८ सीसी, पूर्ण ॲल्युमिनियम, लांबीला आखूड. आवाजही देखणा.

पाना_एकोणीस

@कातळ, होतं, आणि छान होतं. पण कारखान्याने स्वतः ते कसं केलं ते बघा. १९७९ला १०९ इंचीत व्ही८ आलं, तेव्हा त्यांनी सीरिजचा गिअरबॉक्स ठेवलाच नाही. रेंज रोव्हरचा चार गिअरवाला घातला, चारही चाकं कायम जोडलेली ठेवली, डिफ ३.५४चे केले, रेडिएटरला जागा हवी म्हणून पुढची जाळी पुढे ओढली. आणि एवढं करून इंजिन ९१ एचपीवर बांधून ठेवलं. तेच इंजिन रेंज रोव्हरमध्ये १३०च्या वर देत होतं. ज्यांनी गाडी बनवली त्यांनी एवढी काळजी घेतली, तर आपण नुसतं इंजिन आत सोडून कसं चालेल? शिवाय सायलीताईंना ९०-९५ पुरे आहे. पेट्रोल किती पिईल तो मुद्दा आहेच.

नीलिमा_द

सायली, सगळे इंजिनाबद्दल बोलतायत. मी ब्रेकबद्दल लिहिते, थोडं कळकळीने. समजून घे.

माझ्या ८८ इंचीत मी आधी इंजिन बदललं आणि ब्रेक "नंतर करू" म्हणून ठेवले. ब्रेक तेव्हा ठीक लागायचे, ७० पर्यंतच्या वेगाला. नवं इंजिन घातल्यावर महिनाभरातच लांब उताराचा रस्ता लागला. गाडी सहज ९०ला गेली होती, पूर्वी जात नव्हती. तिसऱ्या-चौथ्या वळणाला पेडल हळूहळू कडक झालं, पाय पूर्ण ताकदीने दाबला तरी वेग उतरेना. ड्रम तापले होते, लायनर सोडून देत होते. तिसरा, मग दुसरा गिअर टाकत, हँडब्रेक ओढत कडेच्या मातीत गाडी थांबवली. शेजारी माझी मुलगी होती. त्या दिवसानंतर सहा महिने ती गाडी मी मोठ्या रस्त्यावर नेली नाही.

चूक माझीच. गाडीत साठलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ८०वरून ११०वर गेलं की वेग दीडपटसुद्धा होत नाही, पण ब्रेकना जिरवायची ऊर्जा जवळपास १.९ पट. ती सगळी त्याच ड्रममध्ये उष्णता होऊन जाते.

८८ इंचीला चारही चाकांना १० इंची ड्रम असतात आणि पुढे दोन ब्रेक शूंपैकी एकच स्वतःहून आवळणारा. १०९ इंचीला पुढे ११ इंची, दोन्ही शू आवळणारे. तो सगळा पुढचा संच ८८च्या ॲक्सलला बसतो आणि फरक पहिल्याच ब्रेकला कळतो. एकच लक्षात ठेव, दोन्ही शू पुढे जाताना आवळतात, मागे जाताना दोन्ही ढिले पडतात. चढावर अडकून रिव्हर्समध्ये उतरताना पुढचे ब्रेक तेवढे धरत नाहीत. रानात जात असशील तर हे आधी सपाटीवर करून बघ. डिस्कचे संचही मिळतात, मी शेवटी तेच घातले, पण ११ इंची ड्रम नीट बसवले तर तुझ्या वेगाला पुरतात.

तुझी गाडी १९७६ची म्हणजे बहुधा एकच लाइन असेल. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. दोन लाइनचा मास्टर सिलिंडर आणि बूस्टर घाल. आणि डिझेल घालणार असशील तर बूस्टरची निर्वात कुठून येणार ते आधी ठरव. पेट्रोल इंजिनच्या मॅनिफोल्डमध्ये ओढ असते, डिझेलमध्ये नसते. टीडीआयला स्वतःचा व्हॅक्यूम पंप असतो, तो इंजिनसोबत आलाय का आणि ओढतोय का, ते इंजिन घेतानाच बघ.

स्टिअरिंगसुद्धा यातच येतं. टाय रॉडचे बॉल जॉइंट, मधला रिले, स्विव्हल पिन, पाट्यांचे बुश. प्रत्येकात थोडं थोडं ढिलं, मिळून स्टिअरिंगला चार बोटं मोकळं फिरणं. ६०ला ते चालून जातं. ९५ला गाडी लेनभर भटकते.

सायली८८

नीलिमाताई, वाचून अंगावर काटा आला. स्पष्ट लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या गाडीत खरंच एकच लाइन आहे, बूस्टर नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग आधी, हे आता ठरलं.

टायर ७.५०-१६ आहेत, खडूने मोजलं, २ मीटर ४८ सेंटिमीटर भरलं. गिअरबद्दल अजून गोंधळ आहे. ओव्हरड्राइव्ह घ्यावा की ३.५४चे डिफ घालावेत? डिफ घातले की ओव्हरड्राइव्हचा खर्च वाचतो ना?

रानवाटा

जुन्या रेंज रोव्हरचे किंवा सुरुवातीच्या वर्षांतल्या डिस्कव्हरीचे ३.५४चे डिफ ८८च्या दोन्ही ॲक्सलमध्ये बसतात. १००ला इंजिन २,७००च्या आसपास येतं. मी तेच केलंय. हलणारा एकही नवा भाग वाढत नाही. दोन्ही एकदम बदलायचे, पुढे एक आणि मागे दुसरा गुणोत्तर ठेवून फोर व्हील टाकलंत तर काहीतरी तुटणारच.

पाना_एकोणीस

रानवाटांशी इथे माझं जमत नाही. डिफ बदलले की सगळेच गिअर उंच होतात, लो रेंजसुद्धा. सीरिज ३चा पहिला ३.६८, लो २.३५, डिफ ४.७, एकूण ४०.७. तोच ३.५४ने ३०.६ येतो. खडकाळ उतारावर गाडी पाय न लावता रांगत उतरायची ती आता पळत उतरेल, म्हणजे तिथे ब्रेक वापरावा लागेल. ज्या गाडीत हे सुख आहे तिचं ते काढून का घ्यायचं?

दुसरं कोणी सांगत नाही ते: हँडब्रेक. या गाडीचा हँडब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या मागे जॉइंटवर आहे. त्याची पकड डिफमधून गुणली जाऊन चाकापर्यंत जाते. डिफ ४.७चा ३.५४ झाला की तोच हँडब्रेक पाव हिश्श्याने कमी धरतो. उतारावर उभी करताना कळेल.

तिसरं, स्पीडोमीटर. त्याची केबल ट्रान्सफर केसमधून निघते, डिफच्या आधी. काटा ७५ दाखवेल तेव्हा गाडी १००ला असेल. ओव्हरड्राइव्हमध्ये असं होत नाही, तो केबलच्या आधी येतो, काटा खरंच सांगतो.

रानवाटा

हँडब्रेकचं मान्य. मी चाकाखाली लाकडी ठोकळा ठेवतो, ते का ठेवावं लागतं हे आज नीट कळलं. स्पीडोमीटरचंही बरोबर, मी जीपीएसवर चालवतो. पण ओव्हरड्राइव्ह टीडीआयच्या ओढीसाठी बनलेला नाही हेही खरं आहे ना? चढावर ओव्हरड्राइव्हमध्ये पूर्ण दाबून चालवलं तर तो संपतो.

आप्पा

तेही खरं. ओव्हरड्राइव्ह पेट्रोलसाठी चांगला, कारण कमी ताकदीच्या इंजिनाला मधले गिअर हवे असतात: तिसरा, तिसरा ओव्हर, चौथा. सपाटीला टाकावा, चढ आला की काढावा. त्याचं तेल वेगळं असतं, लोक विसरतात, आणि मग ओव्हरड्राइव्ह वाईट म्हणतात.

टीडीआयच घालायचं असेल तर तिसरा मार्ग घ्या. ट्रान्सफर केसच्या आत फक्त हाय रेंजचे गिअर उंच करणारे संच असतात. हाय सुमारे पाव भागाने उंच, लो आहे तसाच. डिफ ४.७च. रांगणंही राहतं, हँडब्रेकही, स्पीडोमीटरही. ट्रान्सफर केस पूर्ण खोलावी लागते, पण सायलीताई शिकायला तयार आहेत. मात्र मूळ ७० एचपीच्या इंजिनाला हे घालू नका, चौथ्यात ओढणार नाही.

मध्यरात्र

इलेक्ट्रिक मोटर बसवण्याचा विचार केलात का? मोटर क्लचच्या जागी गिअरबॉक्सला जोडता येते आणि शून्यापासून टॉर्क असतो.

पाना_एकोणीस

@मध्यरात्र, रोजच्या थोड्या अंतरासाठी उत्तम आहे. पण हा चौकोनी डबा ९५ला हवा कापताना भरपूर ऊर्जा खातो आणि बॅटरीचं वजन पाट्यांवर येतं. त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

कातळ

एक राहिलं. कागद. इंजिनचा क्रमांक आणि इंधनाचा प्रकार नोंदणीवर असतो. पेट्रोलचं डिझेल करताना जिथे गाडी नोंदलेली आहे तिथल्या कार्यालयात आधी विचारा, लेखी घ्या, मग जुनं इंजिन काढा. विम्यालाही कळवा. माझ्या एका मित्राची गाडी तयार होऊन वर्षभर उभी होती, केवळ काम आधी आणि अर्ज नंतर केला म्हणून.

सायली८८

अकरा महिन्यांनी परत येतेय. माहिती लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी अर्ज केला, परवानगी हातात आल्यावर पाना उचलला. पहिले तीन महिने इंजिनाला हातच लावला नाही. पुढे ११ इंची ड्रम, दोन लाइनचा मास्टर सिलिंडर, बूस्टर, सगळ्या नळ्या नव्या. स्टिअरिंगचे सहाही बॉल जॉइंट, रिले खोलून तेल भरलं, पाट्यांचे बुश. हे झाल्यावर जुन्या इंजिनावरच गाडी मोठ्या रस्त्यावर नेली. ७५ला ती आधीसारखीच ओरडत होती, पण सरळ चालत होती. आधी मला ज्याची भीती वाटायची त्यातला बराच भाग इंजिनाचा नव्हताच, स्टिअरिंगचा होता. तिथेच थांबावं असंही दोन दिवस वाटलं, आप्पांच्या सल्ल्याने हेड बांधून घ्यावं आणि ओव्हरड्राइव्ह लावावा. पण चढावरचे ५० आणि मागचा ट्रक आठवला.

डिफेंडरचं २००टीडीआय मिळालं, टर्बो वर असलेलं. पट्टा, सील, पंप बाहेरच बदलले. रानवाटा, पायलट बुशचं तुम्ही सांगितलंत म्हणून हाताने सरकवून पाहिला, आणि खरंच बसत नव्हता, जुन्याचा उरलेला तुकडा आत अडकला होता. इंजिन लटकवल्यावर कळलं असतं तर रडले असते. ट्रान्सफर केस स्वयंपाकघराच्या टेबलावर खोलली, हायचे गिअर बदलले, बेअरिंगांच्या शिम (पातळ चकत्या) तीनदा मोजून बसवल्या. डिफ ४.७च आहेत.

आज जीपीएसवर ९५, टॅकोमीटर २,७००च्या जरा पुढे. मागच्या महिन्यात तोच चढ तिसऱ्यात ७०ने चढली. लो रेंजमध्ये पूर्वीसारखीच रांगते.

दोन गोष्टी अजून मनासारख्या नाहीत. टर्बोच्या बाजूचा फूटवेल फार तापतो, एक्झॉस्टला गुंडाळी केली तरी. आणि थंड इंजिनाचा खडखडाट बॉनेटखाली जाड चटई लावूनही केबिनमध्ये येतो. ज्यांनी फूटवेलला उष्णतारोधक पत्रा लावलाय त्यांनी पत्रा आणि फरशी यांच्यात किती अंतर सोडलं ते सांगाल का?

बाबांना चालवायला दिली होती. अर्धा तास फिरवून आले, किल्ली हातात दिली आणि म्हणाले, ब्रेक छान लागतात.

आप्पा

पत्र्यामागे बोटभर हवा खेळती राहू द्या, पत्रा फरशीला चिकटवू नका. चिकटवला की तोच तापतो आणि उष्णता फरशीला देतो.

जुन्या इंजिनाचं काय केलंत?

सायली८८

ठेवलंय. चारही सिलिंडरमध्ये तेल सोडलंय, तोंडं बंद केलीत, दर महिन्याला क्रँक हाताने अर्धा फेरा फिरवते. हेड उतरवून पाहिलं. तुम्ही म्हणालात तसंच होतं, तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एका कडेने जळालेला. सीट कडक करून घ्यायला हेड पुढच्या आठवड्यात देतेय.